मुलाच्या लग्नाला गेले, तर विश्वासातून गेले का?

पत्र, थोडक्यात: लिहिणाऱ्या ताई साठीच्या आसपासच्या, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. घर पणजोबांपासून ख्रिस्ती. बाप्तिस्मा घेतल्यावर भावकीने पणजोबांना वाळीत टाकलं होतं, ही गोष्ट त्या लहानपणापासून ऐकत आल्या. गेली चोवीस वर्षं त्या टेक्ससमध्ये, डॅलसजवळ राहतात. पती-पत्नी दोघं एका मोठ्या इव्हँजेलिकल मंडळीचे, म्हणजे बायबललाच अंतिम मानणाऱ्या प्रोटेस्टंट चर्चचे, सभासद, आणि ताई तिथल्या गायनवृंदात आहेत. धाकटा मुलगा शिकागोला असतो. ऑक्टोबरमध्ये तो आपल्या जोडीदाराशी, म्हणजे एका पुरुषाशी, कोर्टात लग्न करतो आहे. संध्याकाळी जवळच्या माणसांसाठी जेवण आहे. पास्टर म्हणाले, "हजर राहणं म्हणजे पापाला साक्ष देणं." पती जायला तयार नाहीत. योग्य समुपदेशक मिळाला तर मुलगा बदलेल, असं त्यांना अजून वाटतं. भरीस भर म्हणून मंडळीच्या बायबल अभ्यास गटात समलिंगी विवाहाला अमेरिकाभर मान्यता देणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा निकाल रद्द व्हावा या मागणीच्या पत्रावर सह्या गोळा होत आहेत. तो कागद ताईंच्या हातात आला, सोबत नोव्हेंबरच्या मतदानात कुठले मुद्दे आणि उमेदवार बघायचे याची यादीही. मुलगा म्हणाला, "आई, सही करणार असशील तर लग्नाला येऊ नकोस." ताई विचारतात, "गेले तर प्रभूला नाकारलं असं होईल का? सही केली नाही तर मंडळीला तोंड कसं दाखवू?"

ताई,

तुमच्या लांबलचक पत्रात पास्टर काय म्हणाले ते आहे, पती काय म्हणाले ते आहे, अभ्यास गटातल्या बायका काय म्हणाल्या ते तर पानभर आहे. तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते मात्र शोधावं लागलं. ते मला एका वाक्यात सापडलं: "त्याचा जोडीदार दर रविवारी फोन करून विचारतो, आई, गुडघा कसा आहे." हे वाक्य तुम्ही उगाच लिहिलं नसणार.

ऑक्टोबर जवळ आला आहे, म्हणून उत्तर आधी सांगते. माझ्या मते तुम्ही लग्नाला जावं. सही करू नये. आणि हे दोन्ही पास्टरांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हीच त्यांना सांगावं. तुमचा विश्वास मोडीत काढा असं मी म्हणत नाही. मीही शास्त्रपाठ आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची गीतं ऐकत वाढले आहे आणि आजही रविवारी उपासनेला जाते. विश्वास ही काय चीज आहे आणि मंडळी सुटण्याची भीती काय असते, हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्यासमोर तीन प्रश्न आहेत आणि ते एकात एक मिसळले गेले आहेत. विवाहाविषयी देवाची इच्छा काय, हा एक. आई म्हणून मी मुलाच्या दारात जायचं की नाही, हा दुसरा. आणि अमेरिकेची नागरिक म्हणून कायदा कसा असावा असं मला वाटतं, हा तिसरा. पहिल्याचं उत्तर दिलं की उरलेल्या दोघांची उत्तरं आपोआप ठरतात, असं तुमच्या मंडळीत धरून चालले आहेत. मला ते पटत नाही, आणि पुष्कळ इव्हँजेलिकल माणसांनाही ते कधी पटलेलं नाही.

पहिल्या प्रश्नाबद्दल आधी पास्टरांच्या बाजूने बोलते, कारण त्यांचं म्हणणं निव्वळ द्वेषातून आलेलं आहे असं समजणं अन्यायाचं होईल. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुष आणि स्त्री 'एकदेह' होतात. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू तेच वचन पुन्हा सांगतो. इफिसकरांस पत्रात पौल पतिपत्नीच्या नात्याला ख्रिस्त आणि मंडळी यांच्या नात्याची खूण म्हणतो. सगळी धर्मशिकवण या धाग्यावर उभी असली की विवाहाची व्याख्या बदलणं म्हणजे एखादी रूढी बदलणं राहत नाही, सुवार्तेलाच हात लावल्यासारखं वाटतं. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय तुमच्या पास्टरांनी तुम्हाला दाखवलाच असेल. 2017 मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच नामवंत इव्हँजेलिकल नेत्यांनी नॅशव्हिल निवेदन काढलं. त्याच्या दहाव्या कलमात त्यांनी आणखी पुढे जाऊन सांगितलं की समलिंगी संबंधांना मान्यता देणं हेच ख्रिस्ती निष्ठेपासून ढळणं आहे, आणि या विषयावर 'मतभेद असू शकतात' असं म्हणायलाही जागा नाही. तुमच्या पास्टरांचा सूर तिथला आहे.

पण हाच एक सूर आहे असं तुम्ही समजू नका. डेव्हिड गशी यांनी ख्रिस्ती नीतिशास्त्र शिकवण्यात हयात घालवली आणि 2014 मध्ये आपलं मत बदललं. टोनी कँपोलो यांनी 2015 मध्ये बदललं. रिचर्ड हेज या नव्या कराराच्या अभ्यासकाने 1996 मध्ये पारंपरिक बाजू इतकी नीट मांडली होती की पुढची पंचवीसएक वर्षं लोक त्यांचाच दाखला देत राहिले. त्यांनीही मृत्यूच्या काही महिने आधी, 2024 मध्ये, आपण आता तसं मानत नाही असं जाहीर केलं. उलट बाजूला वेस्ली हिल यांच्यासारखे लोक आहेत. ते स्वतः समलिंगी आहेत, पारंपरिक शिकवण मानतात, ब्रह्मचर्य पाळतात, आणि मंडळ्या आपल्यासारख्यांना एकटं पाडतात हेही खडसावून सांगतात. प्यू संशोधन केंद्राच्या अलीकडच्या मोठ्या पाहणीत समलिंगी विवाहाला पाठिंबा देणारे इव्हँजेलिकल साधारण तिघांमागे एक निघाले. म्हणजे तुमच्या सभागृहात तुमच्यासारख्या घालमेलीतले लोक आजूबाजूच्याच खुर्च्यांवर बसलेले असण्याची शक्यता दाट आहे, फक्त बोलत कुणी नाही.

या पहिल्या प्रश्नाचा निकाल तुम्हाला ऑक्टोबरपूर्वी लावायचा नाही. तो आयुष्यभर वाचून, प्रार्थना करून लावला तरी चालतो. लग्नाची तारीख मात्र ठरलेली आहे.

आता दुसरा प्रश्न, ज्याने तुमची झोप उडाली आहे. अॅलिस्टर बेग हे मूळचे स्कॉटलंडचे, ओहायोतल्या एका मंडळीत चाळीसएक वर्षं सेवा केलेले, रेडिओवरून देशभर ऐकले जाणारे पास्टर. विवाहाबद्दलची त्यांची शिकवण तुमच्या पास्टरांइतकीच कडक. त्यांना एका आजीने विचारलं, माझा नातू एका ट्रान्सजेंडर व्यक्तीशी लग्न करतो आहे, मी जाऊ का? बेग यांनी आधी विचारलं, तुमचा विश्वास काय आहे हे नातवाला ठाऊक आहे ना? आजी हो म्हणाली. मग जा, आणि आहेरही घेऊन जा, असं त्यांनी सांगितलं. तुम्ही गेला नाहीत तर ख्रिस्ती माणसं नुसता निवाडा करतात हेच त्याच्या मनात पक्कं होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. ही गोष्ट जानेवारी 2024 मध्ये गाजली. अमेरिकन फॅमिली रेडिओने त्यांचा कार्यक्रम बंद केला, एका मोठ्या पाळक परिषदेतून त्यांचं नाव गेलं. पण बेग मागे हटले नाहीत. त्यांनी आपल्या मंडळीपुढे लूकच्या पंधराव्या अध्यायावर प्रवचन केलं. तो अध्याय तुम्हाला पाठ असेल. उधळ्या पुत्राची गोष्ट त्यात आहे, पण सुरुवात परुश्यांच्या, म्हणजे कर्मठ धर्मपुढाऱ्यांच्या, तक्रारीने होते: हा पापी लोकांना जवळ करतो आणि त्यांच्याबरोबर जेवतो.

बेग यांचा तो प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा. तुमचा विश्वास मुलाला माहीत आहे का? त्याचं सगळं बालपण तुमच्या शेजारी बसून गेलं. त्याला माहीत आहे. तुम्ही हजर राहिलात म्हणून तो फसणार नाही आणि देवही फसणार नाही.

पास्टरांचा 'साक्ष' हा मुद्दा मी टाळत नाही. जुन्या उपासनाक्रमात विवाहाला जमलेल्या लोकांना विचारतात की कुणाची हरकत आहे का, म्हणून पाहुणे हे नुसते बघे नसतात. चर्चमधल्या विधीबाबत ते खरं आहे. पण तुमच्या मुलाने कुठल्याही पाळकाकडे आशीर्वाद मागितलेला नाही. तो शिकागोच्या कोर्टात सरकारी कागदावर सही करणार आहे. शिवाय नगरला असताना तुम्ही शेजारपाजारच्या किती लग्नांत अक्षता टाकल्या असतील! सप्तपदीला मान्यता दिली म्हणून कुणी तुम्हाला प्रभुभोजनापासून अडवलं होतं का? पास्टर म्हणतील, ती लग्नं निदान स्त्री-पुरुषांची होती. ठीक आहे. मग मत्तय एकोणीसमध्येच येशूने घटस्फोटानंतरच्या पुनर्विवाहाबद्दल काय म्हटलं आहे ते त्यांना वाचायला सांगा, आणि मंडळीत असे पुनर्विवाह झाले तेव्हा किती जणांनी आमंत्रण परत पाठवलं ते विचारा. रोनाल्ड रेगन घटस्फोटित होते, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना 1969 मध्ये परस्परांवर दोष न लावता घटस्फोट देणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली, आणि 1980 मध्ये इव्हँजेलिकल नेते त्यांच्यामागे उभे राहिले. घटस्फोटितांशी कठोर वागा असं मला म्हणायचं नाही. जी कृपा एका बाबतीत दाखवता आली ती दुसऱ्या बाबतीत दाखवताच येत नाही, असं शास्त्र सांगतं की आपली सवय सांगते, एवढं तपासून बघा.

तुमच्या पणजोबांची गोष्ट पत्रात सुरुवातीला येते आणि मग तुम्ही तिच्याकडे परत येत नाही. मला यावंसं वाटतं. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने दार लावून घेतलं, तेही धर्म वाचवण्यासाठीच. त्या काळातल्या नगरच्या किती ख्रिस्ती घरांची हीच कहाणी आहे. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं ताटातूट झाली. मग त्या परत टिळकांकडे गेल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे, आपलं सोवळंओवळं सांभाळून. बाप्तिस्मा त्यांनी नंतर, स्वतःला पटल्यावर घेतला. एका छपराखाली दोन वेगळ्या श्रद्धा नांदू शकतात, याचं इतकं जवळचं उदाहरण आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत असताना ते टेक्ससमध्ये शोधायला नको.

आणखी एक गोष्ट, कदाचित तुम्हाला माहीत नसेल. नगरला 1831 मध्ये ठाणं घालणारे अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुख्यतः काँग्रिगेशनल मंडळ्यांनी पाठवलेले होते. त्या अमेरिकन मंडळ्यांपैकी बहुतेक 1957 मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या संघटनेत सामील झाल्या. आणि त्याच संघटनेच्या महासभेने 2005 मध्ये, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या दहा वर्षं आधी, समलिंगी विवाहाच्या समान हक्काला पाठिंबा दिला. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी साहेबांना हे मुळीच रुचलं नसतं, हे उघड आहे. पण 'ख्रिस्ती लोकांचं मत' म्हणून जे तुमच्यासमोर ठेवलं जातं, ते तुमच्या पणजोबांपर्यंत सुवार्ता आणणाऱ्या परंपरेच्या आजच्या वारसांचं मत नाही, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं.

आता सहीकडे येते. इथे मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण हा कागद श्रद्धेचा म्हणून फिरतो आणि काम राजकारणाचं करतो.

इव्हँजेलिकल म्हणजे रिपब्लिकन पक्षाचाच मतदार, हे समीकरण फार जुनं नाही. 1976 मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेले जिमी कार्टर हे रविवारच्या शाळेत शिकवणारे सदर्न बॅप्टिस्ट, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाचे, होते आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाच्या डेड काउंटीत गायिका अनिता ब्रायंट यांनी समलिंगी लोकांना नोकरी-घरांत संरक्षण देणारा स्थानिक नियम मतदानाने रद्द करून घेतला. प्रचार होता 'आपली मुलं वाचवा' असा. 1979 मध्ये पास्टर जेरी फॉलवेल यांनी मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना उभी केली. तिथून हा विषय मतं गोळा करण्याचं साधन झाला. 2004 मध्ये एकाच दिवशी अकरा राज्यांत विवाहबंदीच्या घटनादुरुस्त्या मतदानाला ठेवल्या गेल्या आणि सगळ्या मंजूर झाल्या. टेक्ससने 2005 मध्ये साधारण 76 टक्के मतांनी तशी दुरुस्ती केली. 2016, 2020 आणि 2024 या तिन्ही वेळा गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहातल्या आठांनी ट्रम्प यांना मत दिलं. पण तुमच्याच शहरातल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांत जाऊन बघा. पुष्कळ ठिकाणी विवाहाची शिकवण तुमच्या मंडळीसारखीच पारंपरिक आहे, बायबल तेच आहे, आणि बहुतेकांची मतं दुसऱ्या पक्षाला जातात. त्यांच्यासमोर मतदानाचा हक्क, पगार, तुरुंग हे मुद्देही शास्त्रातूनच येतात. तुमच्या हातात आलेली यादी ही शास्त्राची यादी नाही. कुणीतरी बसून निवडलेल्या मुद्द्यांची ती यादी आहे, आणि जे मुद्दे निवडले नाहीत तेही वाचायला शिकलं पाहिजे.

निकाल रद्द झाला तर काय होईल, हे सही करण्यापूर्वी नीट समजून घ्या. 26 जून 2015 चा ओबर्गेफेल निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते जिम ओबर्गेफेल ओहायोचे. त्यांचे जोडीदार जॉन आर्थर असाध्य मज्जाविकाराने मरणपंथाला लागले होते. ओहायोत लग्न करता येत नव्हतं, म्हणून दोघं 2013 मध्ये वैद्यकीय विमानाने मेरीलँडला गेले आणि धावपट्टीवर, विमानातच त्यांनी लग्न केलं. खटला कशासाठी होता? आर्थर यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'पती' म्हणून आपलं नाव यावं, एवढ्यासाठी. दवाखान्यात कुणाला आत सोडायचं, वारसा, पेन्शन, कर, जोडीदाराचा व्हिसा या गोष्टी सरकारी विवाहाच्या कागदावर अवलंबून असतात. तुमच्या मंडळीच्या वेदीचा त्यात काही संबंध नाही. या निकालाने कुठल्याही पाळकाला समलिंगी जोडप्याचं लग्न लावायला भाग पाडलेलं नाही.

जून 2025 मध्ये सदर्न बॅप्टिस्टांच्या वार्षिक सभेने, तुमच्याच डॅलसमध्ये, हा निकाल फिरवावा असा ठराव केला. तुमच्या गटातला कागद त्याच वाऱ्याबरोबर आला असावा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला नकार देणाऱ्या केंटकीच्या सरकारी अधिकारी किम डेव्हिस यांचा अर्ज ऐकायला नकार दिला, त्यामुळे निकाल आज कायम आहे. समजा उद्या तो गेला. डिसेंबर 2022 च्या केंद्रीय कायद्यामुळे इलिनॉयमध्ये झालेलं तुमच्या मुलाचं लग्न केंद्र सरकारला आणि इतर राज्यांना मानावं लागेल. पण प्रत्येक राज्याने अशी लग्नं लावलीच पाहिजेत असं तो कायदा म्हणत नाही. टेक्ससची 2005 ची दुरुस्ती कागदावर अजून आहे, ती पुन्हा जिवंत होईल. मुलगा म्हणतो की सही करणार असशील तर येऊ नकोस, तेव्हा तो रुसवा धरत नाही आहे. आई आपल्याला मिठी मारते आणि आपल्या लग्नाचा आधार काढून घ्या असं लिहूनही देते, हे दोन्ही एकदम सोसणं त्याला जमत नाही.

पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात विचारतो की जे बाहेर आहेत त्यांचा न्याय करणं माझं काम आहे का? मंडळीच्या आतली शिस्त आणि सगळ्या समाजाचा कायदा यांतला फरक त्याला दिसत होता. रोमच्या साम्राज्यात तो अल्पसंख्य होता. आपणही कोण आहोत ते आठवा. भारतात ओडिशाने 1967 मध्ये धर्मांतरविरोधी कायदा केला आणि नंतर अनेक राज्यांनी केले. बहुसंख्यांच्या श्रद्धेप्रमाणे सरकारने माणसाच्या खाजगी निर्णयात हात घालावा, हे आपल्याला तिथे टोचतं. मग डॅलसमध्ये आपण बहुसंख्यांच्या बाजूला बसलो म्हणून तेच तत्त्व आवडून घ्यायचं का? मला तरी ते जमत नाही. शास्त्राप्रमाणे विवाह स्त्री-पुरुषांचाच, असं मानणारी व्यक्तीसुद्धा पूर्ण प्रामाणिकपणे म्हणू शकते की कायद्याने मात्र सर्वांना सारखं वागवावं. तुम्ही असं म्हणालात तर ती पळवाट ठरणार नाही.

तुमच्या पतींविषयी. त्यांना दुष्ट ठरवू नका. ते घाबरले आहेत. पण 'बदलण्याच्या' समुपदेशनाचं खूळ त्यांच्या डोक्यातून काढायला हवं. या कामातली सर्वांत मोठी ख्रिस्ती संस्था, एक्झोडस इंटरनॅशनल, 1976 पासून चालू होती. तिचे प्रमुख अॅलन चेंबर्स यांनी 2013 मध्ये लोकांना झालेल्या यातनांबद्दल जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद झाली. ही माहिती बाहेरच्या टीकाकारांनी दिलेली नाही, आतल्या माणसांनी दिली आहे, म्हणून कदाचित ते ऐकतील. त्यांना लग्नाला ओढून नेऊ नका. "मी जाते आहे. तुमचं तिकीट रद्द करता येईल असंच काढते आहे," एवढं सांगा आणि रोज विषय काढू नका. मुलालाही सांगून ठेवा की बाबांचं ठरलेलं नाही, म्हणजे तो आशेवर राहणार नाही आणि त्यांच्यासाठी दारही बंद होणार नाही.

पास्टरांशी बोलायला एकट्या जाऊ नका. विश्वासातली एखादी मैत्रीण सोबत न्या. त्याआधी सभासद होताना तुम्ही जो करार सही केला असेल तो काढून वाचा. लग्नाला हजर राहणं हा त्यात शिस्तभंग आहे का? बहुतेक करारांत इतकं बारीक लिहिलेलं नसतं. मग त्यांना थेट विचारा, "मी मुलाच्या लग्नाला जाणार आहे. त्यावरून मला गायनवृंदातून काढणार का? काढणार असाल तर कुठल्या वचनाच्या आधारे?" उत्तर ऐकून घ्या, लगेच वाद घालू नका. त्यांनी खरंच काढलं तर दुखेल, मी खोटा धीर देत नाही. 2014 मध्ये गरीब मुलांसाठी देणगीदारांकडून मदत मिळवणाऱ्या वर्ल्ड व्हिजनसारख्या बलाढ्य ख्रिस्ती संस्थेने समलिंगी विवाहित ख्रिस्ती लोकांना नोकरीवर घेऊ असं जाहीर केलं आणि दोन दिवसांत माघार घेतली, कारण हजारो लोकांनी मुलांना दिलेला आधार काढून घेतला. एवढा दबाव एका बाईवर आला तर ती डगमगेल, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण जी मंडळी आईला मुलाच्या दारातून मागे ओढते, तिथे पुढेही तुम्हाला पोसलं जाईल का, याचा विचार करायला हवा. महिन्यातून एकदा भरणाऱ्या मराठी उपासनेचा तुम्ही उल्लेख केला आहे. तिथल्या वडीलधाऱ्यांशीही बोलून ठेवा.

अभ्यास गटातल्या बायकांना लांबण लावून कारणं द्यायची गरज नाही. "मी या कागदावर सही करणार नाही, माझ्या घरचा प्रश्न आहे," हे पुरे. मतदान गुप्त असतं, ते कुणाला सांगायला तुम्ही बांधील नाही. यादी घरी आणा, प्रत्येक मुद्द्यावर स्वतः वाचा, आणि मग जे पटेल ते करा. त्या यादीतल्या एखाद्या उमेदवाराला मत द्यावंसं वाटलं तर तेही तुमचं मत आहे.

ज्यांची अडचण तुमच्यासारखी पण जराशी वेगळी आहे, अशा वाचकांसाठी दोन गोष्टी. मुलाचं किंवा मुलीचं लग्न चर्चमध्ये, विधीनिशी असेल आणि तुमचं मन तिथे उभं राहू देत नसेल, तर विधी टाळून जेवणाला जाता येतं. पण ते आधी, समोरासमोर आणि प्रेमाने सांगा, आयत्या वेळी तब्येतीचं कारण पुढे करू नका. आणि जे आईवडील भारतात आहेत त्यांच्यापुढे वेगळाच पेच आहे. 2018 मध्ये न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, पण ऑक्टोबर 2023 मध्ये विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला. त्यामुळे इथल्या जोडप्यांना कायद्याचा कागद मिळतच नाही. अशा वेळी घरच्यांनी जवळ करणं हाच त्यांचा जवळजवळ सगळा आधार असतो. त्यांच्यासाठी मृत्युपत्र, बँकेतलं नामनिर्देशन, दवाखान्यासाठी अधिकारपत्र या गोष्टी वकिलाकडून करून घ्यायला मदत करा.

आणि ताई, मुलालाही थोडं सांगायचं आहे. सहीबद्दलची त्याची अट रास्त आहे. पण आपली आई जे मानते ते तिने एका रात्रीत बदलावं, अशी अपेक्षा त्याच्या मनात असेल तर तुम्ही त्याला स्पष्ट सांगा: "मी येते आहे. माझ्या मनात अजून प्रश्न आहेत. तुझ्यावर माझं प्रेम आहे, त्यात प्रश्न नाही." हे तीनही तो ऐकू शकेल, मला खात्री आहे. हे या आठवड्यातच फोनवर सांगा. तिकीट काढण्यापूर्वी त्याला विचारा की कोर्टात तुम्ही कुठे उभं राहावं असं त्याला वाटतं. आणि पुढच्या रविवारी जोडीदाराचा फोन आला की त्याच्या घरून लग्नाला कोण कोण येणार आहे, तेही विचारून घ्या.